खिळ्यांचा डबा

"ताई, टिकेल आणि पळेलही असा टायर द्या." रोड बाइक हाताशी धरून दुकानाच्या पायरीवर उभं राहिलेलं गिऱ्हाईक हे म्हणतं, तेव्हा मी मांडणीकडे वळत नाही. जुना टायर कुठाय, ते विचारते. बहुतेकांनी तो फेकून दिलेला असतो. ज्यांनी आणलेला असतो त्यांचा टायर मी मांडीवर घेते, उलटा करते आणि आतल्या बाजूनं अंगठा फिरवत एक पूर्ण फेरी तपासते. पाच-सात मिनिटं जातात. समोरचा माणूस घड्याळ बघायला लागतो. पण तेवढ्या वेळात मला बरंच कळतं. हा रोज कोणत्या रस्त्यानं जातो, कडेनं चालवतो की मधून, हवा किती दिवसांनी भरतो, आणि त्याचा टायर नेमका कुठे हार खातो. पाठीवर, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागावर, की बगलेत.

आमचं दुकान कसबा पेठेत, पवळे चौकातून आत आलं की एका जुन्या वाड्याच्या पुढच्या गाळ्यात आहे. आजोबांनी ते भाड्याच्या सायकलींसाठी उघडलं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, त्यात निम्म्या सायकली गेल्या. उरलेल्या दुरुस्त करता करता अण्णा, म्हणजे माझे वडील, दुरुस्तीतच रमले. तेव्हा ते शाळेत होते. पुण्याला सायकलींचं शहर म्हणत त्या काळात खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत जाणारे कामगार पहाटे नव्या पुलावरून सायकलींचे थवे करून निघत, आणि त्यातल्या कुणाचं तरी चाक रोज अण्णांच्या घमेल्यातल्या पाण्यात बुडबुडे शोधायला येई. मी याच गाळ्यात पान्हा धरायला शिकले. आता दुकान मी चालवते. साध्या सायकली अजूनही येतात, पण निम्मं काम रोड बाइकचं आहे.

अण्णांची एक सवय होती. टायरमधून जे निघेल ते फेकायचं नाही, बोर्नव्हिटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचं. वाड्यातली पोरं अनवाणी हिंडायची, त्यांच्या पायात जाऊ नये एवढाच सुरुवातीचा हेतू. तो डबा त्यांनी कधी रिकामा केला नाही, आणि आज तो माझ्या टेबलावर असतो.

त्यात अगदी तळाला घोड्याच्या नालेचे खिळे आहेत. टांगे होते तोवर पंक्चरचं मोठं कारण तेच. त्यावर चपलांच्या चुका, गंजलेल्या टाचण्या. मग अप्पा बळवंत चौकाकडून येणाऱ्या सायकलींच्या टायरमधल्या स्टेपलरच्या पिना. वह्या-पुस्तकांचे गठ्ठे सोडताना त्या रस्त्यावर सांडतात. तांबट आळीतून येणाऱ्यांच्या टायरात पितळेचा कीस सापडतो. तांबं मऊ असतं, ते रबरावर वाकून पडतं. पितळेचा कातलेला कीस मात्र नखासारखा रुतून बसतो. भाद्रपदात मांडव उतरले की आठवडाभर मांडवाचे खिळे. पेठेखालून मेट्रोचं भुयार खोदलं जात होतं त्या वर्षांत बाइंडिंग वायरचे तुकडे इतके आले की अण्णा ते वेगळ्या बरणीत टाकायला लागले. सप्टेंबर २०२४ मध्ये कसबा पेठ स्टेशन सुरू झालं, आणि पेठेतल्या गिऱ्हाइकांच्या टायरात ती वायर हळूहळू कमी झाली. हिंजवडीला जाणाऱ्यांच्या टायरात ती अजून येते.

सगळ्यात वर आहे ती केसाहून थोडी जाड, पोलादी, टोकाला वाकलेली तार. अण्णांच्या तरुणपणी ही तार डब्यात नव्हती. तेव्हा ट्रकचे टायर नायलॉनच्या धाग्यांचे असत, फुटले तर नुसत्या रबराच्या चिंध्या पडत. ट्रकला पोलादी तारांचे रेडियल टायर बसायला लागले, आणि ते फुटले की हायवेच्या कडेला तारांचा सडा पडू लागला. ही तार एका झटक्यात आत जात नाही. पाठीत अडकते, चाकाच्या प्रत्येक फेरीत थोडी थोडी आत सरकते आणि तीस-चाळीस किलोमीटरनंतर ट्यूबला टोचते. गिऱ्हाईक म्हणतं, चांगल्या रस्त्यावर आपोआप पंक्चर झालं. आपोआप काही झालेलं नसतं.

डबा एवढा सविस्तर सांगितला, कारण टायरची निवड मला तिथूनच सुरू करता येते. खिळ्यापुढे बहुतेक टायर हरतात, त्यासाठी टायर निवडण्यात अर्थ नाही. काच आणि कीस यांना चांगला संरक्षक पट्टा अडवू शकतो. तारेला तो पट्टा बराच काळ रोखतो, तोवर आपण ती उपसून काढली तर वाचलो. दगडाची धार बगलेवर येते, तिथे बहुतेक वेगवान टायरांना पट्टाच नसतो. म्हणून 'मजबूत टायर' या शब्दानं मला काही कळत नाही. कशापुढे मजबूत, ते ठरवावं लागतं.

आता पळण्याबद्दल. चाक फिरताना टायरचा जमिनीला टेकलेला भाग दर क्षणी चपटा होतो आणि पुन्हा गोल होतो. रबर आणि आतलं कापड वाकवायला पायांची जी ताकद लागते, ती सगळी परत मिळत नाही. काही उष्णतेत जाते. कापड बारीक धाग्यांचं आणि रबर पातळ असेल तर कमी वाया जातं, टायर जाड आणि ताठ असेल तर जास्त. म्हणजे टिकाऊपणा आणि वेग एकाच खिशातून खर्च होतात. हे भांडण खरं आहे, आणि ते नाहीच असं सांगणाऱ्या जाहिरातीवर मी विश्वास ठेवत नाही. कॉन्टिनेंटलचा ग्रँड प्रिक्स ५००० हा शर्यतीचा टायर २५ मिलिमीटर रुंदीत सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास भरतो, त्यात व्हेक्ट्रन नावाच्या चिवट धाग्याचा पातळ पट्टा असतो. श्वाल्बेच्या मॅरेथॉन प्लसमध्ये पाठीखाली पाच मिलिमीटर जाडीचा लवचिक रबराचा थर असतो, आणि त्याच रुंदीत त्याचं वजन दुपटीहून जास्त. दोन्ही हातात घेऊन दाबले की फरक बोटांना कळतो. अण्णा आजही टायर असाच बघतात, डोळे मिटून चिमटीत धरून.

माझा स्वतःचा हिशोब असा आहे. माझ्या वेगाला अगदी हलक्या आणि अगदी चिलखती टायरांच्या जोडीत ताशी एक-सव्वा किलोमीटरचा फरक पडतो. कामावर जाण्याच्या वीस किलोमीटरमध्ये हा फरक तीन मिनिटांचा. तीनशे किलोमीटरमध्ये तो अर्ध्या तासाच्या वर जातो. एक पंक्चर, रात्री, विजेरी तोंडात धरून, म्हणजे वीस मिनिटं. तेव्हा रोजच्या प्रवासाला हलका टायर घेऊन मिळवायचं फारसं काही नसतं आणि गमवायचं बरंच असतं. लांबच्या पल्ल्याला तो फायद्याचा ठरतो, पण दोन पंक्चर झाली की तो फायदा संपला.

हे मी डिसेंबर २०१८ मध्ये शिकले. माझी पहिली ३०० किलोमीटरची बीआरएम होती. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांनी जगभर होणाऱ्या या राइड्समध्ये शर्यत नसते. ठरावीक वेळेत अंतर कापायचं, ब्रेव्हे कार्डावर शिक्के घ्यायचे, आणि वाटेत जे बिघडेल ते स्वतः निस्तरायचं. तीनशेला वीस तास मिळतात. आमचा मार्ग पुण्यातून कात्रज, शिरवळ, खंबाटकी चढून साताऱ्यापुढे उंब्रजच्या आसपास वळायचं आणि परत. मी आदल्या आठवड्यात सायकलला अतिशय हलके टायर घातले होते. आयुष्य टायर बदलण्यात गेलेलं, पण मला त्या दिवशी फक्त वेग हवा होता.

जाताना ते टायर खरोखर उडाले. साताऱ्यापर्यंत मी ठरवलेल्या वेळेच्या पन्नास मिनिटं पुढे होते. परतीला अंधार पडला. पाचवड ओलांडून भुईंजच्या दिशेला सर्व्हिस रोडवर उतरताना मागचं चाक एका दगडाच्या धारेवरून घसरलं. 'फट्' असा आवाज नाही झाला, श्वास सोडल्यासारखी हवा गेली. विजेरीत बघितलं तर पाठ कोरी करकरीत आणि बगलेत अंगठ्याएवढी चीर. ट्यूब माझ्याकडे दोन होत्या. पण ट्यूब घालून हवा भरली तर ती त्या चिरेतून फुग्यासारखी बाहेर येणार आणि फुटणार.

सायकल ढकलत दीड किलोमीटर चालले. एका ढाब्याशेजारी ट्रकची पंक्चर काढणारं दुकान उघडं होतं. तिथल्या काकांनी सायकल बघितली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "गेटर नाही का ठेवलास, पोरी?" गेटर म्हणजे फाटक्या टायरला आतून लावायचा जुन्या टायरचा तुकडा. हा शब्द मी चालायला शिकले तेव्हापासून ऐकत आले आहे. कॉन्टिनेंटलचा गेटरस्किन नावाचा टायर, ज्याच्या बगलांनाही जाळीचं संरक्षण असतं, दुकानात आला की अण्णांना त्यांचा गेटरच आठवायचा. नावं जवळची, अर्थ वेगळे. त्या काकांनी स्कूटरच्या जुन्या ट्यूबचा दुहेरी तुकडा कापला, चिरेवर आतून बसवला. त्यांनी पैसे घेतले नाहीत. मी हवा साठ पीएसआयच्या वर जाऊ दिली नाही आणि पुढचे ऐंशी किलोमीटर मागच्या चाकाच्या आवाजाकडे कान लावून चालवले. खंबाटकीच्या बोगद्यात तो तुकडा रिमला घासतोय असं सारखं वाटत होतं. एकोणीस तास दहा मिनिटांनी पुण्यात पोचले.

अण्णांनी दुसऱ्या दिवशी टायर सोडवला, स्कूटरच्या ट्यूबचा तुकडा हातात घेऊन बघितला आणि काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी एका घासलेल्या, हलक्या टायरची कडेची तार कापून काढली, त्याचे बोटभर लांबीचे सहा तुकडे केले आणि ट्यूबला घासू नयेत म्हणून त्यांच्या कडा धारदार सुरीनं तासून पातळ केल्या. त्यातले दोन अजून माझ्या सीटखालच्या पिशवीत आहेत. चार मी वेगवेगळ्या राइड्समध्ये अनोळखी माणसांना दिले.

त्यानंतर मी एक गोष्ट मोजायला लागले, जी अण्णा न मोजता जाणून होते. दुकानात येणारी पंक्चर बहुतांशी मागच्या चाकाची असतात. मागच्या चाकावर वजन जास्त, हे एक कारण. दुसरं असं की रस्त्यावर आडवा पडलेला खिळा पुढचं चाक उभा करतं आणि मागचं चाक तो घेतं. अण्णा नवा टायर नेहमी मागे बसवत. त्यांच्या काळच्या सायकलींना मागे कॅरियर, कॅरियरवर दुधाचे कॅन नाहीतर पोतं, त्यामुळे जोर तिथेच हवा. मी मात्र रोड बाइकला चांगल्या अवस्थेतला टायर पुढे घालते. घाट उतरताना मागचा टायर गेला तर सायकल डगमगते, सावरता येते. पुढचा गेला तर माणूस पडतो. यावरून आमची बरीच वादावादी झाली. शेवटी दोघांचं म्हणणं एकाच सायकलवर बसवता येतं हे माझ्या लक्षात आलं. पुढे मऊ, पकड धरणारा, पळणारा टायर. मागे त्याच रुंदीचा पण जाड पट्ट्याचा. पायांच्या ताकदीचा तोटा निम्म्यावर येतो आणि जिथे पंक्चर होतात तिथे चिलखत राहतं. एकाच सायकलवर आठवडाभर कामाला जाणाऱ्या आणि रविवारी पसरणी घाट चढून पाचगणीला जाणाऱ्या माणसाला मी हीच जोडी सुचवते. दोन चाकांना सारखेच टायर हवेत असा कुठे नियम नाही.

रुंदीबद्दल लोकांचं मत बदलायला मला जास्त वेळ लागतो. अरुंद आणि दगडासारखा टणक टायर पळतो, असं पिढ्यान्‌पिढ्या मानलं गेलं. गुळगुळीत रुळावर ते खरंही ठरेल. कसब्यातल्या गल्ल्यांत पेव्हर ब्लॉक आहेत, ड्रेनेजची झाकणं दोन बोटं वर नाहीतर दोन बोटं खाली आहेत. तिथे टणक टायर सायकलीसकट माणसाला उचलून आपटतो, आणि प्रत्येक उचलण्याची किंमत पायांना मोजावी लागते. रुंद टायर त्याच हवेत आखूड आणि रुंद टेकतो, कमी वाकतो, त्यामुळे तो मंद नसतो. युरोपातल्या मोठ्या शर्यतींतले सायकलस्वार २३ मिलिमीटरवरून २८ वर, काही त्याहून पुढे गेले, ते आरामासाठी नव्हे. माझ्या मते पुण्यात रोड बाइकला २८ हवा, फ्रेममध्ये बसत असेल तर ३२. जुन्या ब्रेकच्या फ्रेममध्ये कधी कधी २५ च्या वर जागा नसते, तेव्हा टायर आणि फ्रेम यांत चार-पाच मिलिमीटर मोकळे राहतात का ते आधी बघावं. पावसात चिखलाची गोळी तिथे अडकते.

बगलेवर छापलेला हवेचा आकडा ही वरची मर्यादा असते. तेवढी भरायची नसते. सत्तर किलोच्या माणसाला २८ च्या टायरात मागे ८० आणि पुढे ७० पीएसआयच्या आसपास मी सांगते, मग दोन-दोननं कमी करत स्वतः शोधा म्हणते. मात्र दर आठवड्याला मोजा. हवा कमी राहिली की खड्ड्याची कड आणि रिम यांत ट्यूब चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. असा माणूस टायरला दोष देत येतो. ट्यूब बघितली की कळतं, टायर निर्दोष आहे. म्हणून जुनी ट्यूबही मागते.

मागे एक निवृत्त काका त्यांच्या जुन्या सायकलीला रोड बाइकचा टायर आणून बसवत होते. दोन्हीवर अठ्ठावीस इंच लिहिलेलं. त्यांच्या सायकलीचा 'अठ्ठावीस-दीड' टायर ६३५ मिलिमीटर व्यासाच्या रिमचा, रोड बाइकचा ६२२ चा. अर्धा तास झटून टायरच्या कडा दुमडल्या होत्या. इंच वाचू नयेत, बगलेवरचा हा तीन आकडी नंबर वाचावा.

सगळ्यांना मात्र मी पळणारा टायर देत नाही. आमच्या आळीतली एक नर्स रात्रपाळीला डेंगळे पुलावरून जाते आणि पहाटे परतते. तिला हलके टायर हवे होते, मैत्रिणीच्या सायकलला होते तसे. तिचा जुना मागचा टायर उलटा केला तर आत चार पॅचच्या खुणा आणि काचेचे सात-आठ कण. मी तिला विचारलं, पहाटे पाचला पुलावर चाक काढायला जमेल का? ती म्हणाली, "जमेल, पण तिथे थांबायचं नाहीये मला." तिला मी दोन्ही चाकांना जाडजूड मॅरेथॉन प्लस घातले. पहिल्या आठवड्यात सायकल जड लागते अशी तक्रार आली. तीन पावसाळे झाले, ते टायर अजून आहेत. पावसाळा मुद्दाम म्हटला. ओलं रबर कोरड्यापेक्षा सहज कापलं जातं, आणि पाणी सगळी काच वाहवत कडेला आणून ठेवतं.

हिंजवडीला जाणारा एक अभियंता मात्र माझ्याकडे प्रत्येक वेळी जुना टायर घेऊन येतो. सुरुवातीला त्याच्या टायरच्या पाठीत खडीचे बारीक दाणे ठासलेले असत आणि डावी बगल खरवडलेली. मी त्याला टायर बदलण्याआधी रस्त्यावरची जागा बदलायला सांगितली. कडेच्या पांढऱ्या पट्ट्यापासून हातभर आत, जिथे मोटारींची चाकं कचरा झाडून नेतात. आणि शुक्रवारी रात्री विजेरी, चिमटा घेऊन दोन्ही चाकांची एक फेरी. आत शिरू पाहणारी काच ट्यूबपर्यंत पोचायला दिवस घेते.

परवा तो आला तेव्हा मागचा टायर संपला होता. पाठीवर झीज कळण्यासाठी दिलेले दोन बारीक खळगे पुसून गेले होते, मधला भाग सपाट. सहा हजार किलोमीटर, असं तो म्हणाला, त्यात एक पंक्चर. गुडघ्यांमुळे अण्णा आता गाळ्यात बसत नाहीत, वाड्याच्या ओट्यावर असतात. मी टायर त्यांच्याकडे दिला. त्यांनी तो उलटा केला, डोळे मिटून अंगठा फिरवायला सुरुवात केली आणि अर्ध्या फेरीनंतर थांबले. आतून काहीच दिसत नव्हतं. "इथे आहे," म्हणाले. मी बाहेरून भिंग धरलं. रबरात काळा ठिपका, चिमट्यानं ओढला तर ट्रकची तार, जवळपास नखाएवढी लांब, आतल्या शेवटच्या कापडाशी येऊन थांबलेली.

अण्णांनी ती माझ्या हातातून घेतली, बोटात फिरवून बघितली आणि डबा आण म्हणाले.